ब्रेकमधली हवा जाणवते, पाणी जाणवत नाही

मोटरसायकलचा ब्रेक घरी उघडावा का, हा प्रश्न हिवाळा संपत आला की हमखास निघतो. चार-पाच महिने गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढायची असते, लिव्हर जरा मऊ लागतो, आणि इकडच्या मेकॅनिकचा तासाचा दर ऐकून गावाकडचा चौकातला फिटर आठवतो. "ब्रेकशी खेळ नको" असा सल्ला लगेच मिळतो. मला तो अर्धाच पटतो. काम घरी करण्यासारखं आहे. ते कशासाठी करायचं, याबद्दल मात्र बहुतेकांचा घोळ असतो.

आधी हवेचं बघू. लिव्हरवर तुम्ही ५ किलो जोर लावलात आणि लिव्हरने तो ६ पट केला, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ३० किलो येतात. पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दाब वातावरणाच्या तेवीस-चोवीस पट. पास्कलच्या नियमाने तो जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत पोचतो, कारण द्रव जवळजवळ दबतच नाही. आता नळीत १ घन सेंटिमीटरचा बुडबुडा आहे असं समजा. बॉइलच्या नियमाप्रमाणे एवढ्या दाबाखाली तो जेमतेम चोविसाव्या हिश्श्याएवढा उरेल. ती मोकळी झालेली जागा भरायला पिस्टनला पाऊण सेंटिमीटर जास्त सरकावं लागतं, आणि त्याची एकूण धावच सेंटिमीटरभर असते! चिंचोक्याएवढ्या हवेने लिव्हर हँडलला टेकतो तो असा.

त्यात बुडबुड्याला वर जायचं असतं आणि आपण त्याला खाली कॅलिपरकडे ढकलत असतो. म्हणून नळीचं वळण किंवा जोड आला की तो तिथेच अडून बसतो. नळीवर हलक्या टिचक्या मारल्या की सुटतो. रात्रभर लिव्हर बांधून ठेवायची युक्तीही कधी कधी कामाला येते, पण तिच्या भरवशावर ब्लीडिंग टाळू नका.

हवा निदान हाताला जाणवते. माझा खरा आक्षेप आहे तो लिव्हर मऊ होईपर्यंत थांबण्याला. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकोल-ईथर जातीचे द्रव हवेतला ओलावा शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. गाडी उभी असताना लिव्हर अगदी कडक लागेल. लांबलचक उतारावर कॅलिपर तापला की द्रव उकळून वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. गार झाल्यावर तीच गाडी तपासायला दिलीत तर सगळं ठीक दिसतं! म्हणून दोन वर्षांनी द्रव बदलायचाच, लिव्हर काहीही सांगो.

आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते मला खटकतं. ते तेल नाहीच. कुणी शब्द खरा मानून इंजिन ऑइल ओतलं, तर आतली रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावंही अशीच फसवी. डॉट ५ सिलिकोनचा, जुन्या हार्ले गाड्यांत असायचा, आणि तो बाकीच्यांत मिसळत नाही. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जे छापलंय तेच, आणि नव्या सीलबंद बाटलीतलंच घाला.

कृती सोपी आहे, क्रम महत्त्वाचा. पारदर्शक नळीचं एक टोक ब्लीड निपलवर, दुसरं थोड्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. उलट केलंत तर हवा परत आत ओढली जाईल. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून सगळं परत.

एबीएसच्या गाडीत मी रेष आखतो. निपलमधून द्रव बदलणं बहुतेक गाड्यांत घरी जमतं. पण हवा मॉड्युलेटरमध्ये शिरली, तर काही मॉडेलांत आतला पंप संगणकाने फिरवल्याशिवाय ती निघत नाही. तिथे तासाचा दर मुकाट्याने द्यावा. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा व्हिडिओ कॉलवर भाच्याला सूचना देण्यापूर्वी त्याची गाडी कुठली ते विचारा.

काम झाल्यावर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. तो हळूहळू आत जात असेल तर कुठेतरी गळती आहे. गाडी हलवायची नाही. घट्ट राहिला तर पायी चालण्याच्या वेगात, मोकळ्या ड्राइव्हवेवर दोन-तीनदा ब्रेक लावून बघा. टाकीवर थेंब सांडला असेल तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. आणि जुना द्रव मोरीत ओतू नका, झाकणाच्या बाटलीत भरून गावाच्या घातक कचरा केंद्रावर द्या.