विश्लेषण : तीन बाजारांचा आलेख येतो, मग एकट्या मानवतचा का अडतो?

मानवत, सेलू आणि परभणी या तीन बाजार समित्यांतील कापसाच्या दराचे आलेख काढणारा पायथॉनमधील एखादा छोटा प्रोग्राम घ्या. तिन्हींचे आकडे येतात तोवर तो सुरळीत चालतो. ज्या दिवशी फक्त मानवतची नोंद येते, त्या दिवशी मात्र 'टाइपएरर' दाखवून बंद पडतो. कोडमधले एक अक्षरही बदललेले नसते. मग बिघडते काय?

नेमके काय घडते?
आलेखांसाठी 'मॅटप्लॉटलिब' ही लायब्ररी सर्रास वापरली जाते. जॉन हंटर यांनी ती २००३ मध्ये आणली. तिच्यातील 'सबप्लॉट्स' फंक्शन आलेखाच्या चौकटी तयार करून देते. एका ओळीत तीन चौकटी मागितल्या तर त्यांची यादी मिळते. दोन ओळी, दोन स्तंभ मागितले तर तक्ता मिळतो. एकच मागितली तर मात्र यादी नाही, नुसती चौकट हाती येते. 'यादीतली पहिली दे' असे सांगणारा कोड तिथेच अडतो.

न दिसणारी चूक
एरर आली तर निदान कळते तरी. 'पांडाज'मध्ये मानवतच्या नावाने अनेक नोंदी असतील तर पूर्ण तक्ता मिळतो. एकच असेल तर एका ओळीची 'सिरीज'. तिचा आलेख काढला की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एकाच रेषेने जोडले जातात. एरर येत नाही, पण एकाच दिवसाचे तीन दर पाहणाऱ्याला चढउतार वाटू शकतात. माल आज विकायचा की थांबायचे, हे अशा रेषेवरून ठरवणाऱ्याचे नुकसान होऊ शकते.

उपाय काय?
'सबप्लॉट्स'ला 'स्क्वीझ' हा पर्याय 'फॉल्स' द्यावा. मग चौकट एक असो वा दहा, कायम तक्ताच मिळतो. पांडाजच्या 'लोक'मध्ये बाजाराचे नाव दुहेरी चौकोनी कंसात द्यावे. नोंद एक असली तरी तक्ताच येतो.

एका चौकटीसाठी यादी कशाला, या सोयीपोटी मूळ रचना अशी ठेवली गेली. ही सोय महागात पडते. फंक्शनने काय परत द्यायचे, हे आकड्यांच्या संख्येवर ठरू नये. आता ती रचना बदलली तर जुने कोड मोडतील. म्हणून जबाबदारी लिहिणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवर येते: अनेक नोंदींवर चाललेला कोड एका नोंदीवर आणि शून्य नोंदींवरही चालवून पाहावा, मगच तो लोकांपुढे ठेवावा.