मॅनेजमेंट ट्रेनी : गाडी कोण धुतो आणि साहेब कोण होतो?



गेल्या महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक मुलगा पेढे घेऊन आला. बी.कॉम. झालेला, घरातला पहिला पदवीधर. भाड्याने गाड्या देणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी लागली होती. ऑफर लेटरवर पद होतं ‘मॅनेजमेंट ट्रेनी’. त्याची आई वस्तीभर सांगत होती, पोरगा मॅनेजर झाला.

मी पेढा खाल्ला, त्याची पाठ थोपटली आणि दोन प्रश्न विचारले. कामाचे तास किती? जादा थांबलास तर पैसे मिळणार का? त्याने चार पानांचं पत्र दोनदा चाळलं. तासांचा आकडा कुठेच नव्हता. ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ काम करावं लागेल, एवढं एक वाक्य होतं. पोराचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. पण हे प्रश्न मी विचारणारच होतो, कारण तो शर्ट आणि तो टाय मी स्वतः घातलेला आहे.

२०१८ साली पुण्यात माझी संस्थेतली नोकरी प्रकल्पाचा निधी संपल्यामुळे गेली. समाजशास्त्रातली एम.ए.ची पदवी हातात होती, घरभाडं डोक्यावर होतं. एका ओळखीच्या सरांच्या शिफारशीने मी अशाच एका कंपनीत मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागलो. अकरा महिने काढले. त्या अकरा महिन्यांत जातिव्यवस्थेबद्दल जे समजलं, ते एम.ए.च्या दोन वर्षांत समजलं नव्हतं.

साहेब, पण कोणाचे?

सकाळी आठला शाखा उघडायची. ग्राहकाचं लायसन तपासायचं, अनामत रक्कम घ्यायची, गाडीभोवती फिरून पोचे आणि ओरखडे कागदावर उतरवायचे, पेट्रोलचा काटा लिहून घ्यायचा. गाडी परत आली की तेच पुन्हा, आणि नवा ओरखडा दिसला तर ग्राहकाशी भांडण. मधल्या वेळेत थकबाकीचे फोन. कोणी घरपोच गाडी मागितली की ती नेऊन द्यायची आणि परत येताना बस पकडायची. रात्री साडेनऊला हिशोब जुळला तर घरी. रविवारी गर्दी जास्त, म्हणून रविवार हमखास.

आता सांगा, यात मॅनेजमेंट कुठे होतं? मला कोणाची रजा मंजूर करता येत नव्हती. कोणाला कामावर घेणं किंवा काढणं दूरच, ग्राहकाला शंभर रुपयांची सूट द्यायची तरी वरून परवानगी लागायची. माझ्या हाताखाली होतं ते फक्त एक स्टेपलर.

मग हे भारदस्त नाव कशासाठी? उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि जादा कामाला दुप्पट वेतन होतं. पण व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाचं पद असेल तर हे संरक्षण लागू नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवलं होतं. म्हणजे नावात ‘मॅनेजमेंट’ घातलं की पोरगं स्वतःच समजतं, आपण कामगार नाही, आपल्याला तास मोजायचा अधिकार नाही. कंपनीला वकीलसुद्धा लागत नाही. टाय पुरतो.

हा समज खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अर्कल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी या खटल्यात स्पष्ट केलं की पदाचं नाव काय आहे यावर जाऊ नका, माणूस मुख्यतः कोणतं काम करतो ते बघा. पण हे आमच्या पोरांना सांगणार कोण? ऑफर लेटर तर सांगणार नाही.

आठवड्याच्या तासांची मर्यादा आकाशातून पडलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारं दुरुस्ती विधेयक त्यांनीच १९४६ साली मांडलं आणि ते मंजूर झालं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा आणि ऑफिसात चौदा तास फुकट राबायचं, हे चालणार नाही.

यार्डातला प्रश्न

पण माझी खरी तक्रार तासांची नाही. ती शाखेच्या मागच्या बाजूला सुरू होते.

मागे यार्ड होतं. तिथे सहा जण गाड्या धुवायचे. कंपनीचे नव्हते, ठेकेदाराचे होते. पायात पाणी, हातात फडकं, जेवायला टायरच्या ढिगामागे. आम्ही काउंटरवाले आत पँट्रीत जेवायचो. कुठे पाटी नव्हती, कोणी मनाई केली नव्हती. तरी सगळ्यांना माहीत होतं कोणी कुठे बसायचं.

रुजू होण्याच्या दिवशी आम्हाला एका अमेरिकन कंपनीची गोष्ट सांगितली होती. तिथे म्हणे मोठे मोठे अधिकारीसुद्धा सुरुवातीला गाड्या धुतात. ऐकून मी भारावलो होतो. एके सकाळी लग्नाला गेलेल्या पाच गाड्या चिखलाने भरून आल्या आणि धुणारे दोघेच होते. मी बाह्या सरसावून बादली उचलली. शाखा व्यवस्थापक धावत बाहेर आला. म्हणाला, ‘तू ट्रेनी आहेस, हे काय करतोस? ही कामं करणारी माणसं वेगळी असतात.’

वेगळी असतात! एम.ए.ला ज्याच्यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, ते या गृहस्थाने चार शब्दांत सांगून टाकलं. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं. माझ्या हातातली बादली पाहून तो चिडला, कारण त्या क्षणी त्या विभागणीची रेघ पुसली जात होती.

त्या सहांपैकी एक जण माझ्याच वयाचा होता, मराठवाड्यातला. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्याने पहिल्यांदा हळूच ‘जय भीम’ घातला. पुढे ओळख वाढली. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं. शाखेतल्या प्रत्येक गाडीचा ओरखडा त्याला तोंडपाठ; काउंटरवर वाद झाला की आम्ही त्यालाच विचारायला जायचो. एक दिवस त्याने विचारलं, ‘भाऊ, तुमच्या जागेचा फॉर्म कुठं मिळतो?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म नव्हताच. माझ्यासोबतचे ट्रेनी एमबीए कॉलेजांच्या कॅम्पसमधून किंवा ओळखीतून आले होते, आणि मीही शिफारशीनेच. तरी मी त्याचं नाव व्यवस्थापकाला सुचवलं. तो हसून म्हणाला, ‘पोरगा चांगला आहे, पण बॅकग्राउंड बघावं लागतं ना.’

हे ‘बॅकग्राउंड’ एकट्या त्याच्या डोक्यात नव्हतं. खासगी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली दाखवून दिलं की हीच मंडळी एका तोंडाने मेरिटचा जप करतात आणि दुसऱ्या तोंडाने उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवल्यावर दलित आणि मुस्लिम नावांना उच्चजातीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. मग हे कसलं मेरिट? बाप काय करतो ते?

त्या अमेरिकन गोष्टीचं काय?

आम्हाला सांगितलेली गोष्ट मी नंतर तपासली. कंपनीचं नाव एंटरप्राइज रेंट-ए-कार. जॅक टेलर या माजी नौसैनिकाने १९५७ साली सेंट लुईस शहरात सात गाड्यांवर धंदा सुरू केला आणि पुढे आपल्या जुन्या युद्धनौकेचं नाव त्याला दिलं. तिथे पदवीधर पोरं मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागतात. काउंटर सांभाळतात, ग्राहकाला घरून घेऊन येतात आणि गरज पडली की टायसकट गाडी धुतात. वरच्या जागा शक्यतो आतल्या माणसांतूनच भरतात. १९८१ साली ट्रेनी म्हणून लागलेली पामेला निकोल्सन ही बाई २०१३ साली त्या कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली, आणि ती मालकाच्या घराण्यातली नव्हती.

म्हणून अमेरिकेची आरती ओवाळायचं कारण नाही. तिथेही ग्राहकाने समाधानाचा सर्वोच्च शेरा दिला तरच तो धरतात. नुसतं ‘समाधानी’ म्हटलं तर शाखेच्या खात्यात काही नाही, आणि शाखेचा आकडा कमी पडला तर बढती अडते. सहायक शाखा व्यवस्थापकांनी जादा कामाच्या पैशांसाठी खटलेही भरले. ३८ उपकंपन्यांच्या वर बसलेल्या मूळ कंपनीला त्यांनी जबाबदार धरायला सांगितलं, तेव्हा फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला की मूळ कंपनी त्यांची मालक ठरत नाही. नाव मोठं, काम हमालाचं आणि मालक सापडत नाही, हा खेळ तिकडेही आहे.

पण एक गोष्ट नजरेत भरते. तिथे गाडी धुणं ही जिन्याची पहिली पायरी मानली जाते. आपल्याकडे तीच गोष्ट भाषणात सांगतात, आणि यार्डात मात्र तिथे भिंत बांधतात. आमच्या कंपन्यांनी तिथला टाय आणला, पदाचं नाव आणलं, ग्राहकांचे शेरे आणले. बादली तेवढी सीमेवरच थांबवली. कारण बादली इथे आधीच वाटून दिलेली होती.

‘आधी नोकरी तर मिळू द्या’

काही मित्र म्हणतील, सरकारी भरती बंद पडत चालली, पोरांना कशीबशी खासगी नोकरी लागते, त्यात तुम्ही भांडणं लावता. मित्रांनो, भांडण मी लावत नाही. शासकीय नोकरीत प्रतिनिधित्वाचा आधार संविधानाच्या कलम १६ मध्ये आहे. कंपनीच्या दारात तो संपतो. उद्योगपतींच्या संघटनांनी २००६ साली स्वेच्छेने आचारसंहिता आणली. स्वेच्छेने! ज्याच्या हातात किल्ली आहे तो स्वेच्छेने कुलूप उघडेल, यावर विश्वास ठेवायला आपण काल जन्मलो नाही.

आणि दोष आपल्यातही आहे. मला तो टाय आवडला होता. यार्डातल्या त्या मित्राने चारचौघांत ‘जय भीम’ घातला की सुरुवातीचे काही आठवडे मी नुसती मान हलवायचो. आडनाव कळलंच होतं, पण आपण ‘त्यांच्यातले’ नाही हे दाखवायचं होतं. याची लाज मला आजही वाटते. कोणी न सांगता मी ती रेघ माझ्या हाताने ओढत होतो. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. यार्डात दोघं एकत्रच काम करत होते, आणि मी टाय सरळ करत उभा होतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ऑफर लेटरवर तास आणि जादा कामाचा दर लिहा. धुणाऱ्या, चालवणाऱ्या, ठेकेदाराकडच्या माणसाला आतल्या जागेचा अर्ज करता आला पाहिजे आणि यार्डातली वर्षं अनुभव म्हणून धरली पाहिजेत. कंपनीत कोणत्या पायरीवर कोणत्या समाजाची किती माणसं आहेत ते दरवर्षी जाहीर करा. आणि खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाचा कायदा करा, आचारसंहिता पुरे झाल्या.

पेढे आणणाऱ्या त्या पोराला मी नोकरी घे असंच सांगितलं. घरात दोन लहान बहिणी शिकतायत, नको म्हणणारा मी कोण? एक वही मात्र दिली. रोजची येण्याजाण्याची वेळ त्यात लिहायची, साहेबांचे रात्रीचे मेसेज पुसायचे नाहीत, पगाराची पावती जपून ठेवायची. उद्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हीच वही बोलेल.

आणि एक काम आणखी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात यार्डात जा, तिथल्या माणसांची नावं विचार, जेवायला त्यांच्यात बस. तिथे कोणीतरी फॉर्म कुठं मिळतो म्हणून विचारेल. मी गप्प बसलो होतो, तू बसू नकोस. फॉर्म नसेल तर तो का नाही, हे वर जाऊन विचार.

जय भीम! जय संविधान!