पट्टा पोटातच आहे

बदलापूर ते सीएसएमटी हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या प्रवाशांचे आठ-दहा किलोमीटर वाचतात, पण बसायला जागा मिळेल याची खात्री त्यांनाही नसते. संध्याकाळी तेवढेच अंतर उलट कापायचे आणि स्टेशनाबाहेर रिक्षातले हादरे खायचे. कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिलेल्या माणसाला घरातले कुणीतरी हमखास विचारते, ‘‘पट्टा का नाही लावून जात?’’ मग मेडिकलमधून पट्टा येतो. पाठोपाठ मलम, गोळ्या, इंजेक्शन. त्यानेही भागले नाही की एमआरआय. व्यायामाचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, तोही ‘जमलं तर थोडा व्यायाम करा’ एवढ्या पुसट शब्दांत.

हा क्रमच उलटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत नियमित व्यायामाची शिफारस आहे. पट्टे, वजने लावून कंबर ताणणे (ट्रॅक्शन) आणि अल्ट्रासाउंडचा शेक सरसकट देऊ नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे मात्र रुग्णाला नेमके हेच ‘खरे उपचार’ वाटतात.

एमआरआयचेही तसेच. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची चकती फुगलेली होती. म्हणजे रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ लिहिलेले असले तरी ते वयाबरोबर पिकणाऱ्या केसांसारखे असू शकते. पण तो शब्द वाचल्यावर माणूस घाबरतो, वाकणे सोडतो, पिशवी उचलणे सोडतो. स्नायू आणखी ढिले पडतात आणि कंबर आणखी दुखते.

खरा पट्टा शरीराने आतच दिलेला आहे. पोटाच्या सर्वांत आतल्या थरात एक आडवा स्नायू (ट्रान्सव्हर्सस ॲब्डोमिनिस) कमरेला वेढून असतो. मागे मणक्यांना लगटून मल्टिफिडस असतो, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ सावरणारे स्नायू. यालाच हल्ली ‘कोअर’ म्हणतात. आरशात दिसणाऱ्या ‘सिक्स पॅक’शी त्याचा फारसा संबंध नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये एक साधा प्रयोग केला. माणसाला उभे करून पटकन हात उचलायला सांगायचे आणि कोणता स्नायू केव्हा आवळतो ते मोजायचे. निरोगी माणसांत हात हलण्याआधीच आतला स्नायू आवळला जात होता. कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होत होता. लोकलमध्ये कडी धरायला हात वर जातो तेव्हा पोटात हेच घडत असते.

म्हणून ‘कोअर’ हा जादूचा दिवा आहे, असे मात्र नाही. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात या खास व्यायामांचा परिणाम इतर व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस दिसला नाही. चालणे, पोहणे, योगासने, ज्याला जे जमते ते चालेल. तरीही या तीन शहरांतल्या लोकांसाठी हे व्यायाम सोयीचे आहेत. त्यांना जिमची फी नाही, मोकळे मैदान नको. दहा बाय दहाच्या खोलीत, घरातले झोपलेले असताना, चटईएवढ्या जागेत ते होतात.

पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत. श्वास सोडताना बेंबीखालचे पोट हलकेच आत घ्यावे, घट्ट पँटची चेन लावताना घेतो तेवढेच. श्वास न रोखता दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा. याच स्थितीत कंबर उचलून पूल करावा. मग तळहात आणि गुडघे टेकून, पाठ न हलवता उजवा हात आणि डावा पाय लांब करावा, नंतर बाजू बदलावी. शेवटी कुशीवर कोपर व गुडघ्याच्या आधाराने कंबर उचलावी. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद पुरे. मोबाइलवरच्या रील्स पाहून पाच मिनिटे प्लँक धरण्याची किंवा दुखऱ्या कमरेने उठाबश्यांसारखे पोटाचे झटके मारण्याची गरज नाही. एकूण दहा-बारा मिनिटे लागतात. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यातच सोडतात.

बायकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी बोलली जात नाही. बाळंतपणानंतर खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जातात. उल्हासनगरात घरी शिलाई मशीनवर दिवसभर वाकून बसणारी बाई हे वर्षानुवर्षे सोसते. लोकलने जाणारी सकाळपासून पाणीच पीत नाही. ‘बाळंतपणात व्हायचंच’ म्हणून ते सोडून दिले जाते. लघवी किंवा वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून सोडण्याचा व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच मांडला. पोट कापडाने करकचून बांधल्याने हे स्नायू बळकट होत नाहीत.

काही लक्षणे मात्र चटईवर निस्तरायची नसतात. लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणे, जांघेतली जागा बधिर होणे, पायातली ताकद जाणे, कंबरदुखीसोबत ताप किंवा वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना, पूर्वी क्षयरोग वा कर्करोग झालेला असणे. आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही. अशा वेळी तपासण्या तातडीनेच हव्यात.

बाकीच्यांना व्यायाम गोळीसारखाच लिहून द्यायला हवा: कोणता, किती वेळा, किती आठवडे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येतात, ही सबब खरी आहे. पण तेच रुग्ण बाहेर बाकांवर तास-तास बसलेले असतात. एक फिजिओथेरपिस्ट, जमिनीवर दोन चटया आणि दहा-दहा जणांचा गट एवढ्यावर हे शिकवता येते. बायकांसाठी वेगळी खोली आणि शिकवणारी बाई हवी. खर्च म्हणाल तर चटयांचा.