न वाचता येणारी अक्षरे

आमच्या वाचक मंडळाने डायान ग्लान्सी यांची ‘पुशिंग द बेअर’ (१९९६) ही कादंबरी घेतली आणि तक्रारी सुरू झाल्या. १८३८-३९ मध्ये अमेरिकी सरकारने चेरोकींना त्यांच्या मुलखातून हुसकले, त्याची ही कथा.

“मध्येच ही चेरोकी अक्षरे कशाला? वाचता थोडीच येतात!” एक बाई म्हणाल्या. मी तर तिथेच थबकलो होतो. सिक्वोयाने १८२१ मध्ये सिद्ध केलेली ही लिपी. १८२८ पासून तिच्यात वृत्तपत्रही निघे. आणि हे म्हणे रानटी!

१८३५ चा तह मूठभरांनी केला. त्याविरुद्ध १५,००० वर सह्यांचा अर्ज गेला. उपयोग शून्य. सुमारे ४,००० माणसे छावण्यांत नि वाटेत दगावली.

“पण ते लढले का नाहीत?” एका गृहस्थांनी विचारलेच. सह्या करणे हे लढणे नव्हे काय, या वादात चहा निवाला.