साथ, शाळा आणि सरकारी तिजोरी

१/ करोनाकाळात खासगी शाळांना सरकारने मदत-अनुदान द्यायला हवे होते काय? ‘शिक्षणसम्राटांना जनतेचा पैसा कशाला?’ हे उत्तर लगेच मिळते. माझे मत निराळे आहे. पण ते मांडायचे तर १८५४ पर्यंत मागे जावे लागेल. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धतीचा पाया घातला. शाळा खासगी मंडळींनी चालवावी, सरकारने तपासणी करून तिला साहाय्य द्यावे, ही ती कल्पना. म्हणजे ‘खासगी शाळेला सरकारी पैसा’ हा करोनाने निर्माण केलेला प्रश्न नव्हे; आपली शिक्षणव्यवस्थाच त्यावर उभी आहे.

३/ मात्र हा पैसा मुळात कोणाचा? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके हेच विचारले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा आक्षेप होता. अनुदानाचा कोणताही प्रस्ताव आजही या कसोटीवर घासून पाहावा लागतो.

४/ अनुदानाला दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे नियंत्रण. त्यासाठी मावळातलेच उदाहरण घेऊ. विष्णु गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी १९०६ मध्ये कोल्हापुरात काढलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे आले. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. सरकारच्या पैशापासून दूर राहता येते. सरकारच्या हुकमापासून राहता येत नाही.

५/ आता साथीकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा.

६/ या कायद्यातील सक्ती आणि शिक्षा सर्वांना ठाऊक आहेत. त्याच्या दुसऱ्या कलमाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. उपाययोजनांचा खर्च, आणि नुकसानभरपाई द्यायची झाल्यास तीही, कोणी व कशी सोसावी हे ठरविण्याचा अधिकार ते कलम सरकारला देते. भरपाईचा विचार करण्याची मुभा १८९७ पासून कायद्यातच होती.

७/ २०२० मध्ये काय घडले? अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतूनच होत राहिले. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील शिक्षकांचा भार मात्र फीवर होता. काम तेच, आदेशही तोच. शाळेचा प्रकार तेवढा वेगळा.

८/ नवलाख उंबरे पाहा. मावळातले हे गाव आज तळेगाव औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात आहे. त्या वसाहतीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. अशा परिसरात कारखान्याचा पगार थांबला की शाळेची फी थांबते, आणि फी थांबली की शिक्षिकेचे मानधन. तिला शिक्षणसम्राट कसे म्हणावे?

९/ सरकारने पालकांना दिलासा दिला, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२१ च्या राजस्थानविषयक निकालानंतर महाराष्ट्रात १२ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने फीमध्ये १५ टक्के सवलत आली. पालकांना तिची गरज होतीच. पण हा दिलासा तिजोरीतून नव्हे, शाळेच्या जमेतून दिला गेला. मोठ्या शाळेने तो सोसला असेल. छोट्या शाळेत त्याची झळ कोणाला बसते हे सांगायला नको.

१०/ याहून खटकणारी गोष्ट पुढची. शिक्षणहक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवरील मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने शाळांना करायची असते. हे अनुदान नव्हे, देणे आहे. २०२०-२१ साठी ही रक्कम प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपयांवरून ८,००० रुपयांवर आणली गेली. ऐन संकटात मदत वाढण्याऐवजी देणेच निम्म्याहून कमी झाले.

११/ मग शाळाचालकांच्या हाती सरसकट रक्कम द्यायची? नाही. येथे फुल्यांची कसोटी लागू होते. तेलंगणाने एप्रिल २०२१ मध्ये खासगी शाळांतील शिक्षक व कर्मचाऱ्यांना दरमहा २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ जाहीर केला. रक्कम तुटपुंजी होती, पण ती संस्थेला नव्हे, राबणाऱ्या माणसाला होती. अमेरिकेनेही डिसेंबर २०२० मध्ये खासगी शाळांसाठी २.७५ अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा पैशावरचे नियंत्रण सरकारी यंत्रणेकडेच ठेवले.

१२/ म्हणून माझे म्हणणे असे. सरकारी आदेशाने शाळा बंद होतील त्या काळात शिक्षक व कर्मचाऱ्यांचे किमान वेतन थेट त्यांच्या बँक खात्यात जावे. प्रतिपूर्तीची थकबाकी ठरलेल्या मुदतीत चुकती व्हावी. आणि ज्या शाळेला लाभ मिळेल तिने आपला जमाखर्च पालकांपुढे ठेवावा.

१३/ ‘खासगी शाळा हा धंदा आहे’ हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खराही आहे. पण त्याची शिक्षा वर्गात उभ्या असलेल्या माणसाला होऊ नये. दार सरकारने लावले, तेव्हा आतल्या माणसाची विचारपूस करणेही सरकारचेच काम होते. पुढची साथ येण्यापूर्वी हे नियमांत लिहून ठेवावे. साथ आल्यावर सुचलेले शहाणपण फार उशिरा पोहोचते.