इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना

आसनगावात राहणाऱ्या बाईला पावसाळ्याची चाहूल लागते ती दोन गोष्टींनी. माहुलीच्या सुळक्यांवर ढग उतरतात आणि घरातले दिवे जातात. झाड कोसळतं, तार तुटते, मग दुरुस्ती करणारी माणसं भर पावसात खांबावर चढेपर्यंत आपण आपले इन्व्हर्टरच्या भरवशावर. पुरुषमंडळी पहाटेच्या लोकलने मुंबईकडे गेलेली असतात, ती रात्री उशिरा परततात. तेव्हा त्या इन्व्हर्टरशी संसार करायचा तो आपणच. तरी बॅटरी घेताना दुकानात बोलतात मात्र हेच लोक! आमच्याकडेही गेल्या वर्षापर्यंत तसंच चाललं होतं.

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी आठला वीज गेली. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे वाफारा देणारं नेब्युलायझरचं यंत्र घरात असतंच. अकराच्या सुमारास त्यांना धाप लागली. मी यंत्र लावलं, ते एकदा घुमलं आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. गल्लीत सगळीकडेच अंधार. शेवटी ह्यांनी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला उठवून आणलं आणि आम्ही सासूबाईंना शहापूरला दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात त्यांना आराम पडला. पण रिक्षात त्यांनी माझा हात जो घट्ट धरून ठेवला होता, तो मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या पैशांचा डबा काढला आणि ह्यांना सांगितलं, “अहो, या खेपेला बॅटरी मी बघते.”

मी बी.ए. झाले तीही इतिहास घेऊन. विजेचा आणि माझा संबंध बटणापुरता. पण शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेब मांडून दिला. तोच इथे देते, कारण तो किराणा मालाच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

आपल्याकडची नेहमीची बॅटरी १२ व्होल्टची आणि १५० अँपिअर-अवरची. दोन्हींचा गुणाकार १८००. पण ही शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर निकामी होते, म्हणून हिशेबात निम्मी, ९०० धरायची. आता खर्च. दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉट, चार एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॉट, मिळून १८६. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, तेव्हा २३० धरू. ९०० भागिले २३० म्हणजे जेमतेम चार तास, आणि तेही बॅटरी नवी असताना. आमची पाच वर्षांची होती. नेब्युलायझर दहाच मिनिटं चालतो, त्याला वीज लागते ती चमचाभर. दोष त्याचा नव्हताच. बॅटरी आधीच धापा टाकत होती आणि यंत्र सुरू होतानाचा झटका तिला सोसला नाही.

दुकानदाराने दोन पर्याय ठेवले. तशीच दुसरी शिशाची घ्या, नाहीतर लिथियमची. लिथियम म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, ती मोबाइलमध्ये फुगते आणि पेट घेते तीच ना?” प्रश्न रास्त होता. मोबाइलमधल्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असतं. घरच्या इन्व्हर्टरसाठी येते ती लोह आणि फॉस्फेटची. ती तापमानाला पुष्कळ सोशीक, सहसा भडकत नाही. हा लोह-फॉस्फेटचा प्रकार १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, पाधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल गुडइनफ यांना आणखी दोघांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. (हे ऐकून सासूबाईंचं मत बॅटरीविषयी नाही, तरी म्हाताऱ्या माणसांविषयी बरंच सुधारलं!) दुकानात मात्र नुसतं ‘लिथियम’ म्हणू नका, ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ आहे का ते विचारा आणि डब्यावर छापलेलं वाचा.

फायदे खरे आहेत. १०० अँपिअर-अवरची लिथियम १२.८ व्होल्टची असते, म्हणजे १२८०. तिची नव्वद टक्के वीज खुशाल वापरता येते. वजन बारा-चौदा किलो, म्हणजे धाकट्या मुलाएवढं. जुनीला हलवायला दोन गडी लागत. पाणी घालायला नको, आम्लाचे शिंतोडे नकोत, चार्ज होताना निघणारा वायू नको. आणि आपल्या पावसाळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वीज दोन तास येऊन पुन्हा गेली तरी अर्धवट भरल्याने तिचं काही बिघडत नाही. शिशाची बॅटरी अर्धी राहत गेली की आतल्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात, आणि तिचा शेवटचा भाग तर अगदी रेंगाळत भरतो.

पण किंमत आमच्या दुकानदाराने जवळजवळ दुप्पट सांगितली. शिवाय नुसती बॅटरी बदलून भागत नाही, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नाही. परदेशात मोटारीतच चूल, पलंग, न्हाणीघर असलेली फिरती घरं असतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं. त्या गाड्यांतही लोक शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवतात, आणि तिथेही ती भरणारं यंत्र, वायर, फ्यूज आधी तपासावं लागतं. आमच्याकडे वायरमन आला, जुनी काढली, त्याच वायरींना नवी जोडली आणि “झालं वहिनी” म्हणून चहा पिऊन गेला. दोन दिवसांनी बॅटरी मधेच चार्ज घेणं बंद करू लागली. इन्व्हर्टर जुना, त्याला लिथियम ठाऊकच नाही. तो शिशाच्या बॅटरीला देतात तसा मधूनमधून जास्त दाब देई आणि बॅटरीतलं रक्षण करणारं सर्किट स्वतःहून दार लावून घेई. बरं झालं लावलं! शेवटी इन्व्हर्टरही बदलावा लागला. नवा घेताना त्यावर लिथियमची सोय असल्याची खात्री केली आणि तो साइन वेव्हचा घेतला, कारण मोटारीवर चालणारी यंत्रं त्यावर नीट चालतात. नेब्युलायझर आता गुरगुरत नाही.

आणखी एक गोम. लिथियमचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे इन्व्हर्टरवरचे जुन्या पद्धतीचे दिवे ‘भरलेली आहे’ असंच दाखवत राहतात आणि मग एकदम काळोख. मी दिव्यांवर विसंबत नाही. वीज गेली की घड्याळ बघून कॅलेंडरवर पेन्सिलीने वेळ टिपते.

बसवतानाची काळजी सांगते. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज हवा. वायरमन म्हणेल “गरज नाही”, तरी लावून घ्या. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडायचा मोह नको. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचं आयुष्य घटतं. आमची जिन्याखाली आहे आणि तिच्यावर गोधड्या रचायला सगळ्यांना बंदी. आणि टोकांजवळ हात घालण्याआधी धातूच्या बांगड्या, पाटल्या उतरवा, मंगळसूत्र पदरात खोचा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण दोन टोकांवर बांगडी आडवी पडली तर ती क्षणात लाल होते. हे पुरुषांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात कुठेच नसतं.

आता जे मी आधी करायला हवं होतं ते. हिशेब पुन्हा बघा. नवी बॅटरी ११५० देते आणि खर्च २३०, म्हणजे पाचच तास. एवढे पैसे घालून एक तास वाढला! तेव्हा विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, पंखे बदला. बीएलडीसी नावाचे नवे पंखे तीसेक वॉटवर चालतात. दोन पंखे बदलले आणि खर्च २३० वरून १२० वर आला. आता साडेनऊ तास मिळतात. म्हणून ज्यांची शिशाची बॅटरी अजून धड आहे, त्यांनी आधी पंखेच बदलावेत. त्याच बॅटरीवर साडेसात तास निघतील. तिच्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा फिल्टरचं नको. घरात आजारी माणूस असेल, वीज वारंवार जात असेल आणि इन्व्हर्टरही बदलायला झालाच असेल, तर लिथियम घ्यावी. नुसत्या हौसेपायी मी घेतली नसती.

राहिली जुनी बॅटरी. दारावर भंगारवाला आला, चांगला भाव सांगू लागला. पण ही माणसं आतलं आम्ल गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. त्याचा धूर मुलांच्या अंगात भिनतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आम्ही आमची दुकानदाराला परत दिली आणि तिची किंमत नव्या बिलातून कापून घेतली. भंगारवाल्यापेक्षा थोडी कमी मिळाली. ह्यांनी त्यावरून दोन दिवस ऐकवलं. मी पावती फायलीला लावून ठेवली आहे, वॉरंटीच्या कागदाशेजारी.