दोघांचे भांडण, तिसऱ्याचे दिवाळे

ज्या काळी आपल्या पूर्वजांनी म्हणी रचल्या, त्या काळी बाजारात कंपन्या नव्हत्या. त्यामुळे काही म्हणी आता दुरुस्त करून घेतल्या पाहिजेत, असे माझे नम्र मत आहे. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ हीच म्हण घ्या. लोण्याच्या गोळ्यावरून दोन मांजरे भांडली, न्याय करावयास माकड आले आणि वाटण्या करता करता सारे लोणी तेच खाऊन बसले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वर्गात ती सांगताना हल्ली मला एक शंका येते. ते लोणी आले कोठून? कुणाच्या तरी घरचेच ते असणार! ज्या माउलीने ते घुसळून काढले तिचे पुढे काय झाले, याविषयी गोष्ट अवाक्षर काढीत नाही. आजच्या बाजारात मांजरे भांडतात, माकडेही आपापला वाटा उचलतात, आणि लोण्याचा खरा धनी, म्हणजे तुम्ही-आम्ही ग्राहक, रिकामे मडके घेऊन दारात उभा राहतो.

याचा उत्तम दाखला म्हणजे २००६ ते २००८ या काळात जपान-अमेरिकेत गाजलेले तबकड्यांचे युद्ध. सिनेमाच्या तबकड्यांचे, म्हणजे ज्यांना आपण डिस्क म्हणतो त्यांचे.

त्याचे असे झाले. घरी बसून सिनेमा पाहावयाची डीव्हीडी तोवर घरोघर रुळली होती. तिच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. पुढे टीव्हीचे पडदे मोठे झाले, चित्र अधिक रेखीव झाले आणि डीव्हीडी त्यांना तोकडी पडू लागली. तेव्हा नव्या तबकडीची गरज निर्माण झाली. डीव्हीडी वाचणारा लेझर किरण तांबडा. त्याच्या लहरीची लांबी ६५० नॅनोमीटर. नव्या तबकडीसाठी निळसर जांभळा किरण आला. त्याची लांबी ४०५. बोरूचे टोक बारीक तासले म्हणजे त्याच कागदावर अधिक ओळी बसतात, तसलाच हा प्रकार. येथवर सारे ठीक होते. परंतु हा बारीक टोकाचा बोरू एकाच वेळी दोन घरांत तासला गेला. तोशिबाने ‘एचडी डीव्हीडी’ काढली आणि सोनी व तिच्या सोबत्यांनी ‘ब्लू-रे’.

दोन्ही तबकड्या बारा सेंटिमीटर व्यासाच्या. दोन्हींना लागणारा किरण एकच. शेजारी शेजारी ठेवल्या तर जन्मदात्यांनाही ओळखू येऊ नयेत! मग फरक कोठे? मजकुराचा थर पृष्ठभागापासून किती खोल असावा, यात. एचडी डीव्हीडीत तो जुन्या डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर खोल. म्हणून जुन्याच कारखान्यांत थोडा फेरफार करून ती काढता येई, आणि एका थरात १५ गिगाबाइट मावत. ब्लू-रेत तो अवघा ०.१ मिलिमीटर खोल. त्यामुळे २५ गिगाबाइट मावत, पण कारखाना नवा घालावा लागे. म्हणजे सारे भांडण अर्ध्या मिलिमीटरचे! आपल्याकडे भावकीत बांध कोरण्यावरून डोकी फुटतात, तेव्हा निदान वीतभर जमीन तरी वादात असते.

मराठीच्या तासाला मी द्वंद्व समास शिकवतो, तेव्हा दोन प्रकार फळ्यावर समोरासमोर लिहितो. ‘आईबाप’ म्हणजे आई आणि बाप. हा इतरेतर द्वंद्व. ‘खरेखोटे’ म्हणजे खरे किंवा खोटे; हा वैकल्पिक द्वंद्व. एका ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला की सगळा अर्थ पालटतो. ग्राहकाला वाटले होते, तबकडी आणि यंत्र, सिनेमा आणि सुख. कंपन्यांनी त्याच्या हाती ‘किंवा’ ठेवला.

आणि हे टाळता आले नसते असे मुळीच नाही. डीव्हीडीचाच जन्म पाहा. १९९५ सालीही दोन तट पडले होते. एकीकडे तोशिबा व तिचे सोबती, दुसरीकडे सोनी आणि फिलिप्स. परंतु त्या वेळी आयबीएमसारख्या संगणकवाल्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी बजावले की, आधी एकच तबकडी ठरवा; तोवर आम्ही कोणाचीच घेणार नाही. गिऱ्हाइके एवढी मोठी आणि एकजुटीची असल्यावर भांडणारे निमूटपणे एका पंगतीला बसले आणि १९९६ च्या नोव्हेंबरात एकच डीव्हीडी जपानच्या दुकानांत आली. २००५ साली पुन्हा तडजोडीची बोलणी झाली, ती फिसकटली. या खेपेस दरडावणारे कोणी नव्हते. पेटंटांच्या हक्कांचे पैसे पुढे वर्षानुवर्षे कोणाच्या गल्ल्यात पडावयाचे, हा खरा प्रश्न होता, आणि त्यापुढे गिऱ्हाइकाची सोय ती काय!

२००६ च्या एप्रिलात तोशिबाचे यंत्र अमेरिकेत ४९९ डॉलरला आले. जूनमध्ये सॅमसंगचे पहिले ब्लू-रे यंत्र ९९९ डॉलरला. नऊशे नव्व्याण्णव डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने पंचेचाळीस हजार रुपये! बरे, एवढे मोजूनही हवा तो सिनेमा मिळेलच असे नाही. कारण चित्रपटसंस्थाही वऱ्हाडासारख्या दोन पक्षांत वाटल्या गेल्या होत्या. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीच्या मांडवात. सोनी, डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेच्या मांडवात. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे जेवून येत. २००७ च्या ऑगस्टात पॅरामाउंटनेही पक्ष निवडला आणि ती एचडी डीव्हीडीकडे गेली. झाले! एकाच घरात थोरल्याला ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हवा आणि धाकटीला ‘रॅटाटुई’, तर बापाने दोन यंत्रे घ्यावीत. दोन्ही तबकड्या चालतील असे एक यंत्र एलजीने त्या वर्षाच्या आरंभी काढले होते. त्याची किंमत ११९९ डॉलर. म्हणजे भांडण मिटवण्याचा खर्चही गिऱ्हाइकानेच सोसावयाचा.

माझा मावसभाऊ त्या वेळी न्यू जर्सीत एडिसनला राहत असे. आम्ही सारी भावंडे त्याला दादा म्हणतो. नवा मोठा टीव्ही घेऊन त्याला वर्ष होऊन गेले होते आणि त्यावर तो जुन्याच डीव्हीडी पाहत होता. रविवारी फोन झाला की तबकड्यांचा विषय निघावयाचाच.

“दादा, घेतलेस का यंत्र?”

“अरे, कोणते घेऊ ते तरी सांग. तू प्राध्यापक ना?”

“मी मराठीचा, दादा.”

“म्हणूनच विचारतो. यातले जाणकार आहेत ते दोन्ही बाजूंनी शपथा घेतात.”

मागून वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, यांना सांगा, नवरदेव कोण ते ठरल्यावाचून आहेर घेऊ नये!”

२ नोव्हेंबर २००७ रोजी वॉलमार्टने एचडी डीव्हीडीचे यंत्र ९८ डॉलर ८७ सेंटला विकावयास काढले. लक्ष्मीपूजन आठवड्यावर आले होते. दादाचा धीर सुटला. “शंभराच्या आत! दिवाळीची खरेदी समज,” तो म्हणाला. वहिनींनी एवढेच विचारले, “दीड वर्षात पाचशेचे शंभर का झाले, ते कुणी सांगेल का?” दादा गप्प बसला. तो इतका कचरत होता याला घरातलेच एक जुने कारण होते. ते पुढे येईलच.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर दोन महिन्यांत मिळाले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने जाहीर केले की, यापुढे आपण केवळ ब्लू-रेच काढणार. एक मोठी संस्था उठून पलीकडच्या पंगतीला जाऊन बसली आणि इकडचा मांडव ओस पडला. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने पाठ फिरवली, वॉलमार्टनेही फिरवली, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी थांबवीत असल्याचे सांगितले. अवघ्या ४६ दिवसांत खेळ खलास! जगभरात सुमारे दहा लाख यंत्रे तोवर लोकांच्या घरी पोचली होती. ती मोडली नव्हती. त्यांना नवे अन्न मिळेनासे झाले होते, इतकेच. मार्चमध्ये बेस्ट बाय या दुकानाने त्याच्याकडून यंत्र घेणाऱ्यांना पन्नास डॉलरची कुपने वाटली. २००९ साली वॉर्नरने सांगितले की, जुन्या तबकडीचे वेष्टण पाठवा, वर ४.९५ डॉलर आणि टपालखर्च भरा, त्याच सिनेमाची ब्लू-रे देऊ. त्याच वर्षी तोशिबाही ब्लू-रेची यंत्रे काढू लागली. व्याही व्याही एक झाले. आहेर घेऊन गेलेला मात्र बाहेर राहिला.

जिंकणाऱ्याचे तरी भले झाले का? ज्या नेटफ्लिक्सने तेव्हा ब्लू-रेची बाजू घेतली, तिने २००७ च्या जानेवारीतच, युद्ध ऐन रंगात असताना, तारेवरून थेट घरात सिनेमा पोचवावयास प्रारंभ केला होता. सेनापतींचे तिकडे लक्ष नव्हते. २०२३ च्या सप्टेंबरात तिने टपालाने तबकड्या पाठवणे कायमचे थांबवले. २०२५ च्या फेब्रुवारीत खुद्द सोनीने घरी मुद्रण करावयाच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. आता तबकडीच नको, म्हणून सुटलो म्हणावे, तर तारेवरचा सिनेमा आपल्या मालकीचा नसतो. आज यादीत असतो, करार संपला की उद्या दिसेनासा होतो.

सिनेमाचे एक वेळ सोसेल. तो पुन्हा कुठल्यातरी नव्या अवतारात येतो. फार तर आपण तिसऱ्यांदा पैसे मोजू. पण घरच्या गोष्टींचे काय? तेच ते दादाचे कारण. १९८४ साली काकांनी आखातातून कॅसेटचे यंत्र आणले होते. त्या वेळीही बीटामॅक्स आणि व्हीएचएस अशा दोन जाती भांडत होत्या, आणि काकांच्या यंत्राची जात पुढे हरली. त्याच यंत्राच्या कॅसेटवर दादाची मुंज उतरली होती. यंत्र बिघडले, तसले दुसरे मिळेना, आणि कॅसेट कपाटाच्या वरच्या खणात पडून राहिली. मावशी गेल्यानंतर दादाने ती शोधून काढली. पुण्यात जुनी यंत्रे जपणारा एक कारागीर भेटला. टेपेवर ठिकठिकाणी बुरशी चढली होती. खटपट करून त्याने चार मिनिटे वाचवली. त्यात मातृभोजन आहे. मावशी दादाला घास भरवते आहे आणि त्याच्याकडे पाहून काही बोलते आहे. चित्र आले, आवाज आला नाही. दादाने ती चार मिनिटे मला दोनदा दाखवली. वहिनींनी तिसऱ्यांदा लावू दिली नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या माळ्यावर लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी असतील तर यंदाच्या सुट्टीत त्या खाली काढा आणि आजच्या चालत्या साधनांवर उतरवून घ्या. एकाच नव्हे, दोन ठिकाणी ठेवा. व्हीएचएसची यंत्रे काढणारी शेवटची जपानी कंपनीदेखील २०१६ च्या जुलैत थांबली. सिनेमा पुन्हा प्रदर्शित होतो. घरातली मुंज होत नाही.

राहिला प्रश्न बाजाराचा. एकट्यादुकट्याने रुसून काही साधत नाही, हे दादाच्या दोन वर्षांच्या उपासाने दाखवून दिलेच आहे. मात्र सर्वांनी मिळून ‘आधी एक ठरवा’ म्हटले की मोठमोठे वळतात, हे १९९५ चे उदाहरण सांगते. मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबे १९७५ पासून घरचे सामान एकत्र खरेदी करीत आली आहेत. ते याच शहाणपणाचे रूप. आणि जेथे गिऱ्हाइकांची एकी होत नाही तेथे सरकारने कान धरावा. युरोपात तसे झाले. २०२४ च्या २८ डिसेंबरपासून तेथे नव्या मोबाइल फोनना एकाच प्रकारचा चार्जर चालला पाहिजे, असा कायदा लागू झाला. कोणतीही कंपनी त्यामुळे भिकेला लागलेली नाही.

तोवर आपल्या हाती एक प्रश्न आहे. नवी वस्तू घेताना आपण दुकानदाराला विचारतो, “ही बंद पडली तर काय?” तो हसतमुखाने हमीपत्र पुढे करतो. व्याकरणाच्या मास्तराचे ऐका आणि एकच क्रियापद बदला. “ही तुम्ही बंद केलीत तर काय?” बंद पडणे आणि बंद करणे यांत कर्ता बदलतो, आणि कोणत्याच हमीपत्रात त्या दुसऱ्या कर्त्याचे नाव नसते. दुकानदार निरुत्तर होईल, गडबडून आत शेटजींना विचारावयास जाईल. जाऊ द्या. तो परत येईपर्यंत पाकीट खिशातच ठेवा.